अडकलेल्या पैशांसाठी लीन टाकला, ८ महिन्यांनंतरचा अनुभव (ओंटारियो, कॅनडा)

ब्रॅम्पटनला माझं टाइल्सचं छोटं काम आहे, मी आणि तीन माणसं. २०२४ च्या मार्चमध्ये मिसिसागाच्या एका साइटवरचं काम संपवलं आणि जनरल कॉन्ट्रॅक्टरकडे (मुख्य ठेकेदार, त्यानेच मला काम दिलं होतं) ३८ हजार डॉलर राहिले. मालकाकडून आले की देतो, हे सहा आठवडे ऐकलं, इकडे पोरांचे पगार मी कर्ज काढून भागवत होतो, रात्र रात्र झोप नाही. शेवटी लीन टाकायचं ठरवलं, म्हणजे केलेल्या कामाच्या थकलेल्या पैशांसाठी त्या जागेवरच आपला हक्क नोंदवायचा.

वकीलबाईंनी पहिल्यांदा विचारलं ते शेवटचं काम कुठल्या तारखेला केलं. मी म्हटलं २८ मार्च, कारण त्या दिवशी दोन तडकलेल्या टाइल्स बदलून आलो होतो. त्या म्हणाल्या ती दुरुस्ती झाली, ती धरू नका, टाइमशीट काढा. वहीत बघितलं तर १४ मार्च, बाथरूमचं ग्राउटिंग, पोराच्या अक्षरात. इथे माझ्यासारख्या सबकॉन्ट्रॅक्टरला शेवटच्या कामापासून ६० दिवस मिळतात (काम पुरं झाल्याचं सर्टिफिकेट त्याआधी छापून आलं तर मोजणी तिथून), म्हणजे माझी मुदत १३ मे. मी २७ मे धरून निवांत बसलो होतो! ६ मेला लीन रजिस्टर झाला. मला व्याजही घालायचं होतं, ते त्यांनी काढायला लावलं, लीनमध्ये व्याज बसत नाही, आणि मुद्दाम फुगवलेली रक्कम आपल्याच अंगावर येते.

एक नीट समजून घ्या, लीन टाकला म्हणून कोणी चेक घेऊन दारात येत नाही. पण जागेच्या टायटलवर (मालकीच्या नोंदीवर) तो दिसला की बँक मालकाला कर्जाचा पुढचा हप्ता सोडायला कचरते, मग मालक कॉन्ट्रॅक्टरच्या मागे लागतो. फोन न उचलणारा माणूस मला दिवसातून तीनदा फोन करायला लागला.

जूनमध्ये कॉन्ट्रॅक्टरने कोर्टात ४७,५०० भरले, माझी रक्कम आणि वर खर्चापोटी २५ टक्के, आणि लीन जमिनीवरून उतरवला. मला वाटलं संपलं सगळं. तसं नसतं, आपला हक्क त्या कोर्टातल्या पैशांवर जातो. पण केस टाकावीच लागते, ६० दिवस संपल्यापासून ९० दिवसांत, नाहीतर लीन मरतो. माझी तारीख ११ ऑगस्ट, रविवार होता, आम्ही शुक्रवारीच टाकली.

नोव्हेंबरात ३५ हजारांवर तडजोड झाली, वकिलाचे ६ हजार गेले. २९ हातात आले, कर्ज फिटलं, तिन्ही पोरं अजून माझ्याकडेच आहेत. पुन्हा वेळ आली तर लीन टाकेन, फक्त इतकं थांबणार नाही. २०१९ पासून इथे नियम आहे, मालकाने बिल मिळाल्यापासून २८ दिवसांत द्यायचं आणि कॉन्ट्रॅक्टरने पुढच्या ७ दिवसांत आपल्याला, तो दिवस उलटला की मी आता लगेच लेखी विचारतो. साइटवरून निघताना शेवटच्या दिवसाचा तारखेसकट फोटो काढतो, टाइमशीटवर सुपरवायझरची सही घेतो.