छाव्याला बाटलीने दूध की क्रुगरची धूळ?

भाचा जोहान्सबर्गला चाललाय, विचारतो मामा, सिंहाच्या छाव्यांना दूध पाजायला देतात त्या पार्कात जाऊ की क्रुगर राष्ट्रीय उद्यानात, एकच जमेल. ब्रोशरवर 'अनाथ छावे' लिहिलंय ते आधी विसर म्हटलं.

खर्च आणि वेळ बघितलास तर छावावाला पार्क सरळ जिंकतो, शहराजवळ, तासाभरात फोटो काढून मोकळा. क्रुगरला चार-पाच तास गाडी हाणायची, फी, मुक्काम, आणि एवढं करून सिंह दिसेलच असं नाही, कधीकधी दिवसभर नुसती इंपाला हरणं.

पण छाव्याचं पुढे काय होतं ते बघ ना. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत आईपासून तोडतात, म्हणजे ती लवकर परत गाभण राहते. माणसाळलेला छावा जंगलात सोडता येत नाही, मग मोठा झाला की बरेचदा पैसे भरून होणाऱ्या कुंपणातल्या शिकारीला, नाहीतर हाडं विकायला आशियात. 2017 ला तिथल्या सरकारनेच सिंहांच्या 800 सांगाड्यांचा निर्यात कोटा दिलेला! बाटली बघून माणसाकडे धावायची सवय लागलेला प्राणी, तो बंदूकवाल्यापासून काय पळणार, ह्याला शिकार म्हणायचं?

मीडियाचं तर विचारूच नको. 2015 ला सेसिल नावाच्या सिंहाची शिकार झाली तेव्हा जग रडलं, पण तो झिंबाब्वेचा जंगली सिंह, पिंजऱ्यात जन्मलेल्यांना साधं नावही नसतं त्यामुळे बातमी कोण करणार.

दोन दिवस असतील तर डोळे झाकून क्रुगर. अर्धाच दिवस असेल तर जिथे पैदास करत नाहीत आणि हातही लावू देत नाहीत असं एखादं अभयारण्य शोध. कुशीत घेऊन फोटोच हवा असेल तर आपली मनी आहे की घरी.