फिक्स्ड गिअरचा कॉग: आट्यांवर की सहा बोल्टांवर?

सायकलचं फिक्स्ड चाक (चाक फिरतं तोवर पेडलही फिरत राहतं असं मागचं चाक) बांधताना हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, निवडलं, की कॉग (चेन ओढते ते मागचं दातेरी चक्र) कसा धरला जाणार तेही ठरून जातं. ट्रॅक हबवर तो आट्यांवर फिरवून बसवतात आणि लॉकरिंगने (बाहेरून आवळायच्या रिंगने) अडवतात. डिस्क ब्रेकच्या हबवर रोटरच्या (ब्रेकच्या चकतीच्या) जागी सहा बोल्टांनी आवळतात. मी दुसऱ्याकडे झुकलो आहे, पण पहिल्याला उगाच नावं ठेवणार नाही.

ट्रॅक हबला दोन पायऱ्या असतात. आतली १.३७ इंच व्यासाची, सुलट्या आट्यांची. बाहेरची किंचित लहान, उलट्या आट्यांची. दोन्हींवर इंचाला २४ आटे. पेडलवर मागे जोर दिला, की सुटू पाहणारा कॉग लॉकरिंगलाही ओढतो. तिचे आटे उलटे असल्याने त्या ओढीने ती उलट आवळतेच. कल्पना सुरेख आहे. फक्त रिंग हबच्याच कंपनीची घ्या, कारण १.२९ आणि १.३२ अशी दोन मापं चालतात आणि डोळ्यांना फरक कळत नाही.

माझी कटकट वेगळी. चेनव्हिपने (चेनचा तुकडा लावलेल्या पान्याने) कॉग कितीही आवळा, चढावर उभं राहून दिलेला जोर त्याहून जास्त भरतो. कॉग केसभर आत सरकतो, रिंग जागच्या जागी राहते, मध्ये फट पडते. मग स्किड मारताना (पेडल अडवून मागचं चाक घसरवताना) कॉग फटीपुरता उलटा फिरतो आणि पुढच्या पेडलला परत आत जातो. कॉगच्या रुंदीत जेमतेम सहा-सात आटे धरतात आणि हबचे आटे बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचे असतात. या मागेपुढे होण्यात ते झिजत जातात, शेवटी आटे जातात. कॉग नवा आणता येतो. हबचे आटे गेले, तर सगळे स्पोक काढून चाक पुन्हा बांधायचं.

यावर उपाय आहे, नाही असं नाही. आटे ब्रशने साफ करा, पातळ ग्रीस लावा, कॉग आधी हातानेच फिरवा; अर्ध्या फेरीत अडकला तर तिरका बसतोय, लगेच उलटा काढा. मग चेनव्हिप, मग हुकासारख्या टोकाच्या पान्याने रिंग (घड्याळाच्या उलट्या दिशेने आवळते, घाईत हमखास विसरतं). सायकलला पुढचा ब्रेक बसवलेला असू द्या, पेडलवर मागे जोर न देता एक चढ चढा आणि रिंग पुन्हा आवळा. खरी अडचण या शेवटच्या पायरीची आहे. कॉग बदलला की ती पुन्हा आली, आणि नेमकी तीच टाळली जाते.

सहा बोल्टांत हा प्रकारच नाही. ४४ मि.मी. वर्तुळावर सहा एम-५ (५ मि.मी. जाडीचे) बोल्ट, टी-२५ (चांदणीच्या आकाराच्या टोकाचा) पाना. बोल्टना मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावायचं, समोरासमोरच्या जोड्यांनी थोडं थोडं आवळत ५-६ न्यूटन-मीटरवर थांबायचं. कॉग फिरायला जागाच उरत नाही. एखादा बोल्ट सैल झाला तरी पाच धरून असतात, म्हणून अधूनमधून पाना लावून पाहिलं की पुरतं. अती आवळलात तर मात्र इथेही हबचेच आटे जातात.

याचा त्रास चेनलाइनला, म्हणजे सायकलच्या मध्यरेषेपासून चेनच्या अंतराला, होतो. १२० मि.मी. रुंदीच्या ट्रॅक हबवर ती साधारण ४२ मि.मी. असते, १३५ मि.मी.चं मागचं डिस्क हब उलटं (रोटरची बाजू चेनकडे) बसवलं तर ५० च्या पुढे जाते. पुढची चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र) तेवढी बाहेर आली नाही, तर चेन तिरकी धावते आणि घरघरते. शिवाय १५ पेक्षा कमी दातांच्या कॉगवर चेन बोल्टच्या डोक्यांना टेकायला येते.

त्यामुळे फ्रेम १२० मि.मी. हबची असेल किंवा १३-१४ दातच हवे असतील, तर आट्यांचा कॉग घ्या आणि चढानंतरची ती आवळणी चुकवू नका. १३५ ची फ्रेम आणि रस्त्यावरचा वापर असेल, तर बहुधा सहा बोल्टच सुखाचे ठरतील. साध्या फ्रीव्हील हबवर (पेडल थांबवूनही चाक फिरू देणाऱ्या चक्रासाठीच्या हबवर) कॉग चढवून बॉटम ब्रॅकेटची (पेडलच्या दांड्यांच्या मधल्या बेअरिंगची) रिंग लावायचा तिसरा मार्ग काही जण सुचवतात. तिथे रिंगचे आटेही सुलटेच, म्हणजे मागे जोर दिला की दोन्ही मिळून सुटू शकतात. त्या वाटेला न गेलेलं बरं.