शहापूरचं कल्हईचं दुकान आणि माझं फुलपात्र

पाच स्टार. जास्त असते तर जास्त दिले असते.

बेळगावात शहापूरला खडेबाजारातनं आत वळलं की हे छोटं दुकान आहे, बोर्ड वगैरे काही नाही, बाहेर तांब्याचे हंडे ठेवलेले दिसतात आणि भात्याचा आवाज येतो, त्यावरनं ओळखायचं. कल्हई, जुन्या भांड्यांची दुरुस्ती आणि भांड्यावर नाव घालून देणं, एवढंच काम करतात.

मी अनाथाश्रमात वाढलो. दोन वर्षांचा असताना १९८९ ला तिथं आणून ठेवलं असं रजिस्टरला आहे, सोबत पितळेचं एक फुलपात्र, बाकी काही नाही. दहावी झाल्यावर बाहेर पडलो, उद्यमबागेत कामाला लागलो, किती खोल्या बदलल्या, लग्न झालं, पण ते भांडं कुठं विसरलो नाही. राखेनं आणि विटेच्या पुडीनं घासून घासून त्याच्यावरचं सगळं गेलेलं, एका बाजूला बोटाला जरा खरखरीत लागायचं. आता मुलगी झाली, तिला यातनंच दूध पाजायचं म्हणून कल्हईला काढलं.

आधी दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो, तो म्हणाला मशीनवर बफ मारतो, दहा मिनिटात सोन्यासारखं होतंय. त्यादिवशी लाइट गेलेली म्हणून परत आलो. ती लाइट गेली नसती तर काय झालं असतं हा विचार अजून रात्री येतो.

इथल्या काकांनी भांडं उन्हात तिरकं धरलं आणि म्हणाले, "बफ मारायचं नाही ओ याला. बफ म्हणजे वरचं पितळ खरडून काढतंय, नाव हाय ते पण जाईल. मी आत्ताच बघितलो की." मग चिंच मीठ लावून ठेवलं, काळं सुटलं, नंतर खडूची ओली पूड बोटानं चोळून वरनं कापडानं पुसली, तशी खाचेत पांढरं राहिलं. मला खालीच बसावं लागलं. "चि." आणि पुढं एक नाव, त्याखाली "मामाकडून", हलशी, सन १९८७. नाव माझं नव्हतं, म्हणजे माझंच, पण आश्रमानं ठेवलेलं नव्हे. काका काही बोलले नाहीत, पोराला चहा आणायला पाठवलं.

कल्हई पण एक नंबर. नवसागर मारून कथील कापसाच्या बोळ्यानं सगळीकडं एकसारखं फिरवलं, ताक ठेवून बघितलं, कळकत नाही. बाहेरनं हात लावला नाही. १५० रुपये. दोन दिवस सांगून आठ दिवस लावतात आणि फोनपे नाही, कॅश न्या.

पुढच्या रविवारी खानापूर, नंदगड करत हलशीला गेलो. तिथं कदंबांच्या काळातलं नरसिंहाचं देऊळ आहे, त्याच्यापाशी बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना फुलपात्र दाखवलं, ते या हातातनं त्या हातात गेलं आणि तासाभरानं मामी आली. मामा आता नाही. आईबाबांचं काय झालं ते तिनं सांगितलं, ते इथं लिहीत नाही. मामा मला शोधत दोनदा बेळगावात येऊन हिंडून गेला होता, कुठं ठेवलंय ते त्याला कुणी सांगितलंच नाही. मामीनं भांड्यावरच्या त्या नावानं हाक मारली, आणि मी ओ दिली.

परवा मामीला घेऊन दुकानात परत गेलो. तिची चार पातेली कल्हईला टाकली आणि मुलीला नवीन फुलपात्र घेतलं. काकांनी टाकी हातोडी काढली, मुलीचं नाव घातलं, मग विचारलं, खाली कुणाकडून घालू?

"मामाआजोबांकडून. हलशी," मामी म्हणाली. "आणि खोल घाला ओ, घासून जायला नको."