बुच की बकुळ, पारिजातक की चाफा? साताऱ्या-सांगलीच्या अंगणासाठी पांढऱ्या फुलांच्या झाडांची तुलना

नर्सरीत माणूस फूल बघून रोप उचलतो, आणि ते जगतं की सडतं याचा निकाल मात्र घरच्या खड्ड्यात लागतो. आपल्या दोन जिल्ह्यांत तर हा फरक टोकाचा आहे. सांगली, मिरज, वाळवा या कृष्णाकाठच्या पट्ट्यात खोल, काळी, पाणी धरून बसणारी जमीन, त्यात उसाला दिलेल्या अति पाण्यानं कुठं कुठं क्षार साचून चोपण झालेली. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उताराला वीतभर मातीखाली मुरूम लागतो. माण, खटाव, जत, आटपाडीत माती कशीही असो, पाणीच मोजकं. त्यामुळं ‘सगळ्यात छान झाड कोणतं’ असं न विचारता ‘माझ्या मातीत आणि माझ्या जागेत कोणतं’ असं विचारावं.

एक सोपी परीक्षा आधी करा. दीड फूट खोल खड्डा काढा, पाण्यानं भरा, पाणी जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात दिसत असेल, तर तिथं चाफा आणि पारिजातक सपाट जमिनीत लावायचा नाही. वरच्या थरावर पांढरी खार फुटत असेल, तर पुढच्या यादीत त्यातल्या त्यात तग धरते ती बकुळ.

मोठं झाड हवं असेल तर: बुच आणि बकुळ

बुच, म्हणजेच आकाशमोगरा किंवा गगनजाई, हे घाईच्या माणसाचं झाड. भरभर वाढतं, सरळ उंच जातं आणि पावसाळा सरता सरता लांब नळीच्या पांढऱ्या फुलांचे घोस लोंबू लागतात. फुलं रात्री उमलतात आणि सकाळी खाली सडा. चांगलं पोसलं तर चौथ्या ते आठव्या वर्षी फुलतं. पूर्ण वाढलेलं झाड ५०-६० फुटांच्या वर जातं.

त्याचा दोष त्याच्या लाकडात आहे. साल बुचासारखी जाड आणि मऊ, नावही त्यावरूनच पडलेलं, पण लाकूड ठिसूळ. एप्रिल-मे महिन्यात वळवाचं वादळ आलं की फांद्या मोडतात, कधी अख्खं झाड आडवं होतं. म्हणून घराच्या भिंतीपासून निदान २५ फूट, विजेच्या तारेपासून त्याहून जास्त अंतर ठेवावं. गुंठाभर जागेतल्या बंगल्याला बुच झेपत नाही, हे स्पष्टच सांगितलेलं बरं. आणखी एक: आळं खणताना मुळाला जखम झाली की तिथून फुटवे निघतात. रोप म्हणून ते उपयोगी पडतात, पण शेजाऱ्याच्या हद्दीत निघाले तर भांडणाचं कारण होतात.

बकुळीचं सगळं उलटं. वाढ इतकी संथ की पहिली तीन वर्षं ती लावली आहे हेच विसरायला होतं. बियांपासूनच्या झाडाला फुलायला सात-दहा वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात. फूल बोटाच्या पेराएवढंही नाही आणि रंग दुधाळ. लांबून दिसतसुद्धा नाही. ज्याला पांढरंशुभ्र बहरलेलं झाड रस्त्यावरून दिसायला हवं, त्यानं बकुळ लावून निराश होऊ नये. पण वास सुकलेल्या फुलातही टिकतो, पानं बारमाही हिरवी, सावली दाट आणि लाकूड चिवट. वादळात टिकते आणि एकदा मुळं खोल गेली की कमी पाण्यावरही निभावते. १५ ते १८ फूट अंतर दिलं की पुरतं. पिकलेली नारिंगी फळं खाली पडून चिकट होतात आणि वटवाघळं येतात, म्हणून गाडी लावायच्या जागेवर नको.

वेळ वाचवायचा तर बकुळीचं फूटभर रोप न घेता पाच-सहा फुटांचं घ्या. मात्र पिशवीच्या तळातून बाहेर आलेली आणि आतल्या आत गोल फिरलेली मुळं बघून घ्या. तशी मुळं कापून मोकळी केली नाहीत तर झाड पुढं वर्षानुवर्षं खुंटतं.

घराजवळची लहान झाडं: पारिजातक आणि चाफा

इथं बहुतेकांची निवड अडते, कारण दोन्ही १०-१५ फुटांत राहतात, दोन्ही लवकर फुलतात आणि दोन्ही देवाला चालतात.

पारिजातक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुलतो. बहर साधारण ऑगस्टअखेर ते डिसेंबर. फूल संध्याकाळी उमलतं, पहाटे गळतं. म्हणजे दिवसा झाडावर जवळजवळ काहीच नाही. उन्हाळ्यात पानं झडून झाड इतकं केविलवाणं दिसतं की लोक ते मेलं समजून रोज पाणी ओततात, आणि खरं तर त्या पाण्यानंच मूळकूज होते. मार्च ते मे दर आठ-दहा दिवसांनी एक पाणी, बस्स. फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत करावी, फांद्यांचा तिसरा हिस्सा काढून. जुलैनंतर कात्री चालवली की त्या वर्षीचा बहर गेला. पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंटांचे पुंजके बसतात. ते हातानं काढू नका, खाज सुटते. ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी संध्याकाळी करा. देठाच्या केशरी रंगाचे डाग पांढऱ्या फरशीवर पडतात, तेव्हा झाडाखाली माती नाहीतर गवत असलेलं बरं.

चाफा म्हणून मात्र तीन वेगवेगळी झाडं विकली जातात. टोकदार पानांचा, हिवाळ्यात पानं झाडणारा आणि पांढऱ्या पाकळीत पिवळा गाभा असलेला तो आपला देवळापुढचा नेहमीचा चाफा. गोल टोकाच्या, चकचकीत, गडद पानांचा दुसरा; त्याची पानं जवळजवळ वर्षभर टिकतात. आणि तिसरा चमच्याच्या आकाराच्या पानांचा, बारमाही म्हणून खपणारा. तो फुलतो भरपूर, पण वास नाही. वासासाठी चाफा घेणाऱ्यानं पान बघून घ्यावं.

पावसाळ्यात पहिल्या प्रकारच्या पानांखाली नारिंगी भुकटी दिसते, तो तांबेरा. झाड मरत नाही, पण पानं अवेळी गळतात. गळलेली पानं गोळा करून जाळा किंवा पुरा, कंपोस्टात टाकू नका. पाणी पानांवर न मारता बुडाशी द्या. गोल पानाच्या चाफ्यावर हा रोग कमी दिसतो, म्हणून पाऊस जास्त असलेल्या शिराळा, पाटण भागात तोच लावावा.

चाफ्याचं रोप विकत घ्यायची गरज नाही. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये अंगठ्याहून जाड, राखाडी झालेल्या फांदीचा दीड-दोन फुटांचा तुकडा घ्या, पानं काढा आणि चीक सुकेपर्यंत आठ-दहा दिवस सावलीत आडवा ठेवा. मग निम्मी वाळू आणि निम्मी माती अशा मिश्रणात चार इंच खोल रोवा, काठीला बांधा, एकदा पाणी द्या. त्यानंतर पान फुटेपर्यंत हात आखडता. बहुतेक तुकडे कुजतात ते दोन चुकांनी: ताजा चीक गळत असताना लावल्यानं आणि ‘सुकलं वाटतं’ म्हणून रोज पाणी घातल्यानं. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.

माण-खटावच्या माळावर चाफा पारिजातकापेक्षा सरस ठरतो. सांगलीच्या काळ्या मातीत चाफाच हवा असेल तर दीड फूट उंच, चार फूट रुंद ओटा करा आणि त्यात मुरूम, पोयटा, शेणखत समान मिसळा.

अनंत आणि कुंती घेण्याआधी

अनंताच्या फुलाला तोड नाही, पण त्याला किंचित आंबट माती लागते. चुनखडीच्या काळ्या रानात आणि बोअरच्या जड पाण्यावर त्याची पानं, लोह न मिळाल्यानं उसाला केवडा रोग पडावा तशी, पिवळी होतात, शिरा तेवढ्या हिरव्या. कळ्या न उमलता गळतात. लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट फवारलं तर पानं हिरवी होतात, पण काही आठवड्यांपुरतीच. महाबळेश्वर-पाचगणीच्या जांभ्याच्या मातीत लावा. सांगलीत हौस असेल तर मोठ्या कुंडीत, पावसाचं साठवलेलं पाणी देऊन.

कुंतीला कुंपणही करता येतं आणि दहा फुटांचं झाडही. तासगावच्या द्राक्षबागाईतदाराला ताण म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, कुंतीचंही तसंच. पंधरा-वीस दिवस पाणी तोडून मग भरपूर दिलं की थोड्याच दिवसांत बहर येतो. पण अंगणात लिंबाचं झाड असेल तर कुंती टाळा. लिंबूवर्गीय झाडांवरची सिला कीड तिच्या कोवळ्या फुटीवर वाढते आणि लिंबावर उतरते.

पांढरा कांचन झुडपाएवढा राहतो आणि वर्षा-दोन वर्षांत फुलतो. वासाची अपेक्षा नको. सप्तपर्णी घराला लागून लावू नका, ऑक्टोबरनंतर तिच्या उग्र वासानं अनेकांचं डोकं धरतं.

लावताना

मुरमाड जागी तीन फूट, काळ्या मातीत दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा मे महिन्यात काढून उन्हात तापू द्या. दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत, २०० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि अर्धा किलो निंबोळी पेंड मातीत मिसळा. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणीची अळी येते आणि कोवळी मुळं खाऊन रोप उभ्या उभ्या वाळवते. दोन-तीन चांगले पाऊस झाले की लावणी करा. खोडाचा बुंधा पिशवीत जेवढा उघडा होता तेवढाच ठेवा; मातीत गाडला की साल कुजते.

पालिका हद्दीत वाढलेलं झाड तोडायला १९७५ च्या झाडे संरक्षण व जतन कायद्यानुसार परवानगी लागते, तेव्हा टाकी, सेप्टिक आणि तारा कुठून जातात हे कागदावर काढूनच खड्ड्याची जागा आखा.