पिंपल: सामायिक सेटिंग्जसाठी एक आटोपशीर कंटेनर

पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या एका जुन्या ग्रंथालय-प्रणालीची देखभाल माझ्याकडे आहे. डेटाबेसचा पत्ता, विलंबशुल्काचा दर, मेल सर्व्हरचा तपशील, टाइमझोन अशी सगळी सेटिंग्ज तिथे एका ग्लोबल, म्हणजे कोडमध्ये कुठूनही बदलता येणाऱ्या, अ‍ॅरेमध्ये होती आणि ज्या क्लासला (कोडच्या स्वतंत्र घटकाला) जे हवे ते त्याने परस्पर उचलावे, अशी वहिवाट पडली होती. एकदा अहवालाच्या क्लासमध्ये मी सोयीसाठी टाइमझोन बदलून यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) केला आणि तो पूर्ववत करायचे राहून गेले. रात्री दोन वाजता क्रॉनवर (ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या सोयीवर) चालणारी स्क्रिप्ट आधी अहवाल काढत असे आणि मग त्याच प्रोसेसमध्ये वाचकांना स्मरणपत्रे पाठवत असे. आपल्याकडचे रात्रीचे दोन म्हणजे यूटीसीनुसार आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ, त्यामुळे प्रत्येक स्मरणपत्रावर कालची तारीख पडली. ब्राउझरकडून येणाऱ्या दर रिक्वेस्टला पीएचपी कोऱ्या पाटीने सुरुवात करत असल्यामुळे दिवसा ही चूक कोणाच्या नजरेस येणे शक्यच नव्हते.

अ‍ॅरेऐवजी सिंगलटन क्लास (ज्याचे एकच ऑब्जेक्ट सगळीकडे वापरले जाते) करून पाहिला, पण त्याने फक्त ग्लोबलला सभ्य कपडे चढवले. शेवटी पिंपल वापरायला घेतले. नावावरून त्वचारोगतज्ज्ञ आठवत असला, तरी सिम्फनी या पीएचपी फ्रेमवर्कचे जनक फाबिएन पोटेन्सिए यांनी लिहिलेला हा पीएचपीसाठीचा डिपेन्डन्सी इंजेक्शन कंटेनर, म्हणजे क्लासला लागणाऱ्या गोष्टी बाहेरून पुरवण्यासाठीचा साठा आहे. तो एमआयटी परवान्याखाली मोफत मिळतो, कंपोझर या पॅकेज-व्यवस्थापकाच्या एका आज्ञेने बसतो आणि त्याचा मुख्य क्लास एका बैठकीत वाचून होण्याइतका लहान आहे.

कंटेनर वापरायचा तो अ‍ॅरेसारखाच. साधी किंमत (आकडा किंवा मजकूर) ठेवली की ती पॅरामीटर होते. क्लोजर (निनावी फंक्शन) ठेवला की ती सर्व्हिस होते. सर्व्हिस पहिल्यांदा मागितली जाते तेव्हाच तो क्लोजर चालतो आणि पुढे प्रत्येकाला तेच ऑब्जेक्ट मिळते, म्हणजे डेटाबेसची जोडणी एकदाच उघडते आणि ज्या पानाला तिची गरज नाही तिथे उघडतच नाही. दर वेळी नवे ऑब्जेक्ट हवे असल्यास फॅक्टरी ही मेथड आहे. चुकीच्या नावाने काही मागितले तर पिंपल थेट एक्सेप्शन (काम थांबवणारी त्रुटी) फेकते. आमच्या जुन्या अ‍ॅरेत विलंबशुल्काच्या नावात एक अक्षर चुकले, की इशारा लॉगमध्ये पडून राहायचा आणि शुल्क मुकाट्याने शून्य व्हायचे. त्यामानाने हे एक्सेप्शन मला फार मोलाचे वाटते.

आता एक मेख, जी मला मूळ कोड वाचल्यावरच उमगली. एकदा वापरलेली सर्व्हिस पिंपल गोठवते आणि तिच्या जागी दुसरे काही ठेवू पाहिल्यास अडवते, परंतु साध्या पॅरामीटरला हे संरक्षण नाही. टाइमझोन नुसती स्ट्रिंग म्हणून ठेवला असता, तर माझा तो अहवालाचा क्लास कंटेनर हाताशी असताना इथेही तोच घोळ घालू शकला असता. म्हणून मी सेटिंग्जचा एक छोटा क्लास लिहिला, पीएचपी ८.१ पासून मिळणाऱ्या रीडओन्ली प्रॉपर्टीज त्यात वापरल्या आणि त्याचे ऑब्जेक्ट सर्व्हिस म्हणून कंटेनरमध्ये ठेवले. आता किंमत वाचता येते, बदलू पाहिल्यास स्क्रिप्ट तिथल्या तिथे थांबते.

दुसरा मोह अधिक घातक आहे: अख्खा कंटेनरच प्रत्येक क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या मेथडमध्ये) देऊन टाकणे. तसे केले की आपण पुन्हा ग्लोबल अ‍ॅरेपाशीच येऊन पोहोचतो, कारण क्लासला नेमके काय लागते हे बाहेरून दिसत नाही. पिंपलच्या माहितीपत्रकातही ही पद्धत टाळावी असे म्हटले आहे आणि निवडक सर्व्हिसेसच उपलब्ध करून देणारा सर्व्हिसलोकेटर त्यासाठी सोबत दिला आहे. विलंबशुल्काच्या क्लासला मी फक्त दर देतो. त्याची चाचणी घेताना कन्स्ट्रक्टरमध्ये दोन रुपये लिहिले की काम भागते, कंटेनरची आठवणही येत नाही.

उणीव म्हणावी तर ऑटोवायरिंग (कोणाला काय लागते ते आपोआप ओळखून पुरवण्याची सोय) नाही. कोणत्या क्लासला काय द्यायचे ते सगळे हाताने लिहावे लागते आणि क्लास शंभराच्या घरात गेले, तर पीएचपी-डीआय किंवा सिम्फनीचा स्वतःचा कंटेनर बरा पडेल. पिंपलवर उभे असलेले सायलेक्स हे मायक्रोफ्रेमवर्क २०१८ मध्ये बंद झाले आणि पिंपलमध्येही नवी वैशिष्ट्ये घेणे थांबवल्याचे जाहीर झालेले आहे; पीएचपीच्या नव्या आवृत्त्यांशी सुसंगती आणि सुरक्षाविषयक दुरुस्त्या एवढेच बदल स्वीकारले जातात. काहींना हे मरणपंथाला लागल्याचे लक्षण वाटेल. माझ्या चाळीसेक क्लासच्या प्रणालीला, जिथे दर अपग्रेडला काहीतरी मोडते आणि ते निस्तरायला मी एकटाच असतो, हा थांबलेपणा सोयीचाच पडला आहे.