सांगलीत बसून अमेरिकेतल्या एजंटाकडून क्रूझ बुक केली : वर्षभराचा अनुभव

जानेवारी 2025 मध्ये मी पहिल्यांदा क्रूझचे दर बघायला बसले आणि आज जानेवारी 2026 आहे. मधल्या काळात एक बुकिंग केलं, ते रद्द केलं, दुसरं केलं, त्याचा दर उतरवून घेतला आणि ऑक्टोबरमध्ये बार्सिलोनाहून सात रात्रींचा प्रवास करून आलो. आम्ही चौघं होतो: मी, माझे यजमान, मिरजेची माझी धाकटी बहीण आणि मेहुणे. बाल्कनीच्या दोन केबिन घेतल्या. परत आल्यापासून विश्रामबागेत फिरायला जाताना निदान दहा जणांनी विचारलं असेल, की परदेशी एजंटाकडून घेतलं तर खरंच स्वस्त पडतं का? उभ्या उभ्या सांगण्यासारखं हे उत्तर नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

शाळेत मी बत्तीस वर्षं गणित शिकवलं. त्यामुळे आलेला प्रत्येक दर दोनशे पानी वहीत मांडायचा, एवढं पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं. पुण्याच्या एका एजंटानं फोनवर माणशी 97,000 रुपये सांगितले. बरं वाटलं. लेखी मागितल्यावर त्यात पोर्टचे कर आले आणि आकडा 1,12,000 झाला. त्यावर 5 टक्के जीएसटी, त्यावर टीसीएस (विक्रेता आपल्याकडून आगाऊ कापून घेतो तो आयकर), आणि जहाजावरची टिप वेगळी. तिसऱ्या फोनला तोच माणूस म्हणाला, "मॅडम, हे सगळेच असंच सांगतात." सगळे सांगत असतीलही, पण पहिल्या फोनवरचा दर आणि शेवटचा दर यांत इतकं अंतर असेल तर त्याला दर म्हणायचं कसं, हा माझा राग आजही आहे.

अमेरिकेतल्या साइट्सवर ही एक गोष्ट आता बरी झाली आहे. तिथंही पूर्वी कर आणि पोर्टचा खर्च शेवटच्या पानावर दिसायचा. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2024 पासून छुप्या शुल्कांविरुद्धचा कायदा लागू झाला, आणि मोठ्या क्रूझ कंपन्या कर-पोर्टखर्च धरूनच दर दाखवू लागल्या. टिप मात्र अजूनही वेगळीच असते, माणशी रोज साधारण 16 ते 20 डॉलर. आमच्या जहाजावर 18 डॉलर होती. म्हणजे दोघांचे सात दिवसांचे 252 डॉलर. ही रक्कम न धरता केलेली तुलना फुकट आहे.

वहीतलं फेब्रुवारीचं पान समोर ठेवते. तेव्हा डॉलर 87 रुपये धरला होता. तेच जहाज, तीच तारीख, दोघांची एक केबिन. अमेरिकेतला एजंट: 2,310 डॉलर, म्हणजे 2,00,970 रुपये. माझ्या क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचं शुल्क साडेतीन टक्के आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी, मिळून 4.13 टक्के, म्हणजे 8,300 रुपये. टिप 21,924. एकूण 2,31,194. पुण्याचा एजंट: 2,24,000, जीएसटी 11,200, टिप तीच. एकूण 2,57,124. शिवाय 11,760 रुपये टीसीएस. टीसीएस रिटर्न भरताना आपल्या करात वळता होतो किंवा परत मिळतो, म्हणून तो मी खर्चात धरला नाही. पण तेवढे पैसे अडकून राहतात. परदेशी टूर पॅकेज भारतातल्या विक्रेत्याकडून घेतलं की तो टीसीएस कापतोच. आम्ही परदेशी एजंटाला क्रेडिट कार्डानं पैसे दिले, त्यावर टीसीएस लागला नाही, कारण परदेशात वापरलेलं क्रेडिट कार्ड सध्या त्या नियमाच्या बाहेर आहे. हे नियम अर्थसंकल्पागणिक बदलतात, तेव्हा आपल्या सीएला विचारूनच पुढं जा.

म्हणजे केबिनमागं 26 हजारांचा फरक. दोन केबिनचे 52 हजार. रक्कम मोठी आहे, पण एवढ्यासाठीच परदेशी एजंट धरा असं मी म्हणणार नाही. माझ्या मते खरा फायदा दुसराच होता. डिपॉझिट परत मिळणारं होतं, आणि शेवटचे पैसे भरायच्या दिवसापर्यंत बुकिंग मोडता येत होतं आणि दरही बदलून घेता येत होता.

पुण्याचा एजंट निम्मे पैसे आधी मागत होता, ते परत नाहीत. ब्रिटनमधला एक एजंट दरात चांगला होता, पण डिपॉझिट परत मिळत नाही असं त्यानं स्वच्छ लिहून कळवलं. कंपनी बुडाली तर गिऱ्हाइकाचे पैसे वाचवणाऱ्या त्यांच्याकडच्या एटॉल या संरक्षणाबद्दल मी बरंच वाचलं होतं, पण ते विमानासह घेतलेल्या पॅकेजला असतं. मुंबईहून स्वतःचं तिकीट काढून जाणाऱ्याला, नुसती क्रूझ घेणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. अमेरिकेतल्या एजंटाकडं मात्र केबिनला 500 डॉलर डिपॉझिट, आणि निघायच्या 90 दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर पूर्ण परत. अर्थात स्वस्त दाखवलेल्या काही दरांना परत न मिळणारं डिपॉझिट असतं, ते दर आम्ही सोडून दिले. आणि जहाज कंपनीनं पूर्ण परत दिलं तरी एजंट स्वतःचं रद्द करण्याचं शुल्क कापू शकतो. एकाच्या अटींत अगदी तळाला 50 डॉलर लिहिले होते. तो एजंट यादीतून गेला.

एजंट निवडताना भीती होतीच. न पाहिलेल्या माणसाला लाखभर रुपये द्यायचे! फ्लोरिडा, कॅलिफोर्निया अशा काही राज्यांत प्रवास विकणाऱ्याला सरकारी नोंदणी करावी लागते आणि तो नोंदणी क्रमांक साइटच्या तळाशी असतो. तो राज्याच्या सरकारी साइटवर तपासता येतो. आम्ही फ्लोरिडातली एजन्सी घेतली, तिचा क्रमांक तपासला. मग पहिल्याच मेलमध्ये सरळ लिहिलं, की आम्ही भारतात राहतो, पासपोर्ट भारतीय आहेत, कार्ड भारतीय बँकेचं आहे, तुम्ही आम्हाला विकू शकता का? आधीच्या एका एजंटानं याच प्रश्नावर नकार दिला होता. काही जहाज कंपन्या एका देशाच्या एजंटाला दुसऱ्या देशातल्या गिऱ्हाइकाला विकू देत नाहीत. ह्या एजन्सीतल्या बाईंनी जहाज कंपनीला विचारून दुसऱ्या दिवशी होकार कळवला.

न्यू जर्सीतला भाचा म्हणाला होता, "मावशी, माझा पत्ता टाक ना, इथल्या लोकांना खास दर असतो." मी नाही म्हटलं. तो दर तिथल्या रहिवाशांसाठी आहे. बंदरावर पासपोर्ट दाखवताना खुलासा मागितला किंवा वाढीव पैसे मागितले, तर चार म्हाताऱ्या माणसांनी तिथं काय करायचं? आणि खोटा पत्ता देणं मला मुळातच पटत नाही.

पैसे भरल्यावर दोन गोष्टी बघितल्या. एक, कार्डाच्या मेसेजमध्ये नाव जहाज कंपनीचं आलं, एजंटाचं नाही. चांगल्या एजन्सी बहुतेक वेळा कार्डाचा तपशील कंपनीकडंच पाठवतात. दुसरी, मिळालेला बुकिंग क्रमांक कंपनीच्या स्वतःच्या साइटवर टाकला तर आमची नावं आणि भरलेलं डिपॉझिट दोन्ही दिसलं. त्या रात्री मला शांत झोप लागली. कुणी बँक खात्यात थेट पैसे पाठवा म्हणाला, तर तिथंच थांबा. कार्ड असलं तर निदान बँकेकडं तक्रार करता येते.

आता चुकांकडं येते. बुकिंगच्या पक्क्या कागदावर बहिणीची जन्मतारीख 4 जुलै छापून आली. ती जन्मली 7 एप्रिलला. मी 07/04 असं लिहून पाठवलं होतं. अमेरिकेत महिना आधी लिहितात, त्यांनी तसंच वाचलं. माझी 19 तारीख असल्यामुळं ती बरोबर आली, यजमानांची 25 तीही बरोबर, म्हणून पहिल्या नजरेला काहीच खटकलं नाही. बहिणीनं चष्मा लावून कागद वाचला आणि म्हणाली, "ताई, ही मी नव्हे." एका मेलमध्ये दुरुस्त झालं, पैसे लागले नाहीत. पण हाच कागद व्हिसाच्या अर्जाला लागला असता.

दुसरी गोष्ट पैशांची. पहिलं बुकिंग सप्टेंबरचं होतं. एप्रिलमध्ये कळलं की बहिणीच्या मुलीचं बाळंतपण नेमकं त्याच सुमाराला येतंय. रद्द केलं. 1,000 डॉलर पूर्ण परत आले, एक डॉलर कमी नाही. पण फेब्रुवारीत जाताना 87 चा भाव आणि वर 4.13 टक्के, म्हणजे 90,593 रुपये गेले होते. मे महिन्यात येताना डॉलर 85 वर होता, खात्यात 85,000 आले. साडेपाच हजार रुपये असेच गेले. "पूर्ण परत" हे डॉलरमध्ये असतं, रुपयांत नसतं. त्यानंतर आम्ही दोघी बहिणींनी परकीय चलनाचं शुल्क न घेणारी कार्डं काढली आणि त्यावरचा परदेशी व्यवहारांचा पर्याय ॲपमधून सुरू करून घेतला. नव्या कार्डावर तो बंदच असतो. पहिलं डिपॉझिट भरतानाच हे करायला हवं होतं.

ऑक्टोबरच्या बुकिंगचा दर केबिनला 2,280 डॉलर होता. मी आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारी, तीच केबिन, तीच तारीख साइटवर टाकून बघत असे. मेच्या शेवटी एका रविवारी 2,090 दिसले. लगेच मेल केला, पण तिकडं सोमवारी मेमोरियल डेची सुट्टी. दोन दिवस जीव टांगणीला. मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे फ्लोरिडात सकाळी नऊला, ऑफिस उघडल्या उघडल्या मी फोन लावला. बाईंनी फोनवर असतानाच नवा दर लावला आणि दहा मिनिटांत सुधारित बिल आलं. दोन केबिनचे 380 डॉलर वाचले, म्हणजे 32 हजारांच्या घरात. शेवटचे पैसे भरून झाल्यावर दर उतरला तर सहसा काही मिळत नाही, हेही त्यांनी सांगितलं. शिवाय त्यांच्या कमिशनमधून प्रत्येक केबिनला जहाजावर खर्चायला 100 डॉलर मिळाले. ते आमच्या टिपच्या बिलात वळते झाले.

व्हिसा ही आपली सर्वात मोठी काळजी. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो; मोठ्यांना फी 90 युरो, आणि निदान 30,000 युरोचा विमा लागतो. एजंटाचं बिल त्यासाठी पुरेसं नव्हतं. सर्वांची नावं आणि बंदरांची यादी असलेला जहाज कंपनीचा कागद लागला, तो मागितल्यावर आला. जून अखेर चौघांचे व्हिसा हातात पडले. शेवटचे पैसे भरायची तारीख 7 जुलै होती, सोमवार. त्याआधी 4 जुलैची तिकडची सुट्टी आणि शनिवार-रविवार. म्हणून आम्ही 2 जुलैलाच केबिनला 1,590 डॉलर भरून टाकले. व्हिसा आधी आणि मोठी रक्कम नंतर, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. चौघांपैकी एकाचा जरी व्हिसा नाकारला असता, तरी आमचं नुकसान डॉलरच्या चढउताराएवढंच झालं असतं.

तोट्याची बाजूही आहे. एजंटाकडून घेतलं की जहाज कंपनी तुमच्याशी थेट बोलत नाही. जेवणाची वेळ बदलून हवी होती, कंपनी म्हणाली एजंटाला सांगा, एजंटाचं ऑफिस आपल्या संध्याकाळी उघडणार. इंग्रजीत फोनवर बोलायची सवय नसेल तर हे जड जातं. मेहुण्यांना जेवण शाकाहारी हवं होतं, तेही मेलनंच तीनदा कळवावं लागलं. जहाजावर मात्र उत्तम सोय झाली.

दसऱ्याचं सोनं वाटून दुसऱ्या दिवशी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली, मुंबईहून विमान. प्रवासाबद्दल इथं लिहीत नाही. एवढंच सांगते, की नेपल्सहून निघताना संध्याकाळी बाल्कनीत चौघं बसलो होतो, बहिणीनं सांगलीहून नेलेलं भडंग काढलं, आणि व्हेसुव्हिअस ज्वालामुखी अंधारात जाईपर्यंत कुणी उठलं नाही.

आता येत्या दिवाळीत सिंगापूरची चार रात्रींची क्रूझ ठरते आहे, पेनांग आणि फुकेतची. पुन्हा वही उघडली. या वेळी अमेरिकेतल्या बाईंचा दर सांगलीतल्या एजंटापेक्षा केबिनला अकरा हजारांनी जास्त निघाला. सांगलीतल्या माणसानं पोर्टखर्च, जीएसटी आणि टिप धरून एकच आकडा पहिल्याच भेटीत कागदावर लिहून दिला, सिंगापूरच्या व्हिसाचं कामही तोच करणार आहे, आणि दीड महिना आधीपर्यंत डिपॉझिट परत द्यायला तो तयार आहे. गेल्या सोमवारी त्याच्याकडं पैसे भरले. अर्जावर चौघांच्या जन्मतारखेतला महिना मी अक्षरांत लिहिला.