जुन्या पद्मिनीचे आचके आणि व्हॅक्यूम गेज: आठ महिन्यांच्या वापरानंतर

वडिलांनी घेतलेली १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी मी बेळगावात आजही नियमित चालवतो. गेल्या वर्षी तिच्यात एक दोष सुरू झाला. कपिलेश्वर उड्डाणपुलावरून दुसऱ्या गिअरमध्ये उतरताना वेग ताशी २० ते २५ किलोमीटरवर आला आणि अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, की गाडी थांबेपर्यंत सलग आचके देत असे. एका गॅरेजमध्ये प्लग आणि पॉइंट बदलले, कार्बोरेटर दोनदा उघडून साफ केला. आचके तसेच राहिले.

शहापुरातल्या एका वयस्कर मिस्त्रींनी मात्र बॉनेट न उघडताच सांगितले, "आधी क्लच दाबून बघा की, मालक." क्लच दाबताच आचके थांबले, म्हणजे ब्रेक ड्रम आणि चाके निर्दोष ठरली. पुढची चाचणी मोकळ्या, सपाट रस्त्यावर केली: गिअरमध्येच गाडी हळू होत असताना इग्निशन बंद केले, तेव्हा सलग आचके नाहीसे झाले आणि सुरुवातीला एकदाच 'खट्' असा आवाज आला. (स्टेअरिंगला कुलूप असलेल्या गाडीत चावी त्या खाचेपर्यंत मुळीच फिरवू नये, आणि गाडी थांबण्याआधी इग्निशन पुन्हा चालूही करू नये, सायलेन्सरमध्ये साठलेले पेट्रोल भडकते.) या एका चाचणीने दोष दोन भागांत वेगळा झाला. आचक्यांचे मूळ इंजिनातल्या अनियमित ज्वलनात होते, तर तो 'खट्' प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या, झिजलेल्या क्रॉसचा (सांध्याचा) होता.

ज्वलनाचे कारण शोधण्यासाठी मी व्हॅक्यूम गेज, म्हणजे इंजिन हवा किती जोराने ओढते ते काट्याने दाखवणारे उपकरण, घेतले. मेनिफोल्ड (कार्बोरेटरमधून इंजिनात मिश्रण नेणारी नळी) उतरवून उद्यमबागेतल्या लेथवाल्याकडून त्याला आटे पाडून पितळी निपल बसवून घेतले. मेनिफोल्ड जागेवर ठेवून भोक पाडले तर कीस थेट इंजिनात जातो.

या उपकरणासोबतच्या कागदावर निरोगी इंजिनासाठी १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) असा आकडा असतो. तो समुद्रसपाटीचा आहे. दर १,००० फुटांमागे साधारण एक इंच कमी धरावा लागतो, आणि बेळगाव सुमारे २,५०० फुटांवर आहे. हे ध्यानात न घेता येथे २० इंच मिळवण्याच्या हट्टाने ठिणगीचे टायमिंग पुढे नेले, तर इंजिन ठोकू लागेल. चोर्ला घाटाने पणजीला गेलो तेव्हा हा फरक प्रत्यक्ष दिसला: दुरुस्तीनंतर घरी १७ वर स्थिर राहणारा काटा तिथे १९.५ वर उभा होता.

दुरुस्तीपूर्वी मात्र काटा १३ ते १४ च्या दरम्यान डुलत होता. कार्बोरेटरच्या थ्रॉटल स्पिंडलच्या (हवेची झडप ज्यावर फिरते त्या दांडीच्या) दोन्ही टोकांना घट्ट ग्रीस लावताच तो क्षणभर वर चढून स्थिर झाला, आणि तिथेच उत्तर मिळाले. झिजलेल्या स्पिंडलशेजारून जादा हवा आत शिरत होती. थ्रॉटल मिटलेले असताना पेट्रोल मुळातच थोडे जाते. त्यात ही हवा मिसळली की मिश्रण इतके पातळ होते, की एखादी ठिणगी पेटते आणि पुढची वाया जाते. मिश्रण पेटले की प्रत्येक वेळी गाडी पुढे ढकलली जाते, प्रत्येक चुकीला मागे ओढली जाते, आणि क्रॉसमधला प्ले (ढिलेपणा) तो झटका मोठा करून आपल्यापर्यंत पोहोचवतो.

उद्यमबागेतच स्पिंडलला नवे पितळी बुश बसवले आणि क्रॉस बदलला. नंतर मिक्श्चर स्क्रू किंचित सैल करावा लागला, कारण २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला त्याच हवेमागे जास्त इंधन लागते. आमच्या ऊसपट्ट्यात इथेनॉलविषयी आस्था असणे स्वाभाविक आहे. तरी जुन्या कार्बोरेटरचे जेट त्या इंधनासाठी ठरवलेले नाहीत, हे गाडीमालकाने लक्षात ठेवले पाहिजे.

गेजच्या उणिवाही सांगतो. सोबत आलेली प्लास्टिकची नळी इंजिनाच्या उष्णतेने पाचव्या महिन्यात तडकली, तिच्यातूनच हवा शिरू लागली, आणि काटा पडलेला पाहून मी दोन दिवस कार्बोरेटरवरच संशय घेत राहिलो. आता जाड भिंतीची रबरी नळी लावली आहे. शिवाय प्रोपेलर शाफ्ट, इंजिनाचे फाउंडेशन (ज्यांवर ते बसवलेले असते ते रबरी आधार) किंवा मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट सैल असतील तर हे उपकरण काहीच दाखवत नाही. त्यासाठी गाडीखाली जाऊन शाफ्ट हाताने उलटसुलट फिरवूनच पाहावे लागते.

आठ महिन्यांत आणि संपूर्ण पावसाळ्यात आचके परतलेले नाहीत. काल सायंकाळी त्याच उड्डाणपुलावरून दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. पाय काढल्यावर काटा २१ पर्यंत चढला आणि गाडी मंद होताना हळूहळू १७ वर येऊन थांबला.